अ‍ॅक्युपंक्चर: मेरिडियनमधला अतिरेक आणि उणीव ओळखायची कशी?

शेवंती

नमस्कार मंडळी,

अ‍ॅक्युपंक्चर शिकायला लागून दुसरं वर्ष चालू आहे. बिंदूंच्या जागा पाठ झाल्या, बारा मेरिडियन, म्हणजे शरीरात जीवनशक्ती वाहण्याचे मार्ग, कुठून कुठे जातात ते झोपेतून उठवलं तरी सांगेन. गाडी अडली आहे ती एकाच ठिकाणी. अतिरेक आणि उणीव.

पुस्तकात दोन रकाने असतात. अतिरेकात दुखणं तीव्र, हात लावू देत नाही, आवाज मोठा, नाडी जोरकस. उणिवेत दुखणं मंद, दाबलं की बरं वाटतं, आवाज क्षीण, नाडी बारीक. वाचताना सगळं पटतं. पण माणूस समोर बसला की दोन्ही रकान्यांतली लक्षणं एकाच अंगावर दिसायला लागतात.

माझंच उदाहरण देते. तीन महिने झाले, उजवा खांदा आणि त्यामागची पाठ दुखते. एका शिक्षिकेने नाडी पाहिली आणि म्हणाल्या, फुप्फुसाच्या मेरिडियनमध्ये उणीव आहे, भर घाल. दुसऱ्या सरांनी खांदा चाचपला आणि म्हणाले, अतिरेक आहे, निचरा कर. दोघंही अनुभवी, दोघांबद्दलही मला आदर आहे. शेवटी ‘लिंगशू’ या प्राचीन चिनी वैद्यक ग्रंथाच्या दहाव्या प्रकरणाचा अनुवाद उघडला. तिथे फुप्फुसाच्या मेरिडियनमध्ये ‘ची’, म्हणजे ती जीवनशक्ती, जास्त झाली तर खांदा आणि पाठ दुखते असं लिहिलंय. पुढच्याच वाक्यात, ‘ची’ कमी पडली तर खांदा आणि पाठ दुखते!

मी आतापर्यंत असं समजत होते की मेरिडियन म्हणजे टाकी. पातळी वर गेली की अतिरेक, खाली गेली की उणीव. हे चूक आहे का? तुम्ही कसं ओळखता?

कोरा_कागद

वाचतोय. मला तर ‘‘मेरिडियनची ‘ची’’ वाचतानाच दोनदा मागे जावं लागलं. आमच्यासारख्यांसाठी जरा सोपं लिहा.

सूक्ष्मसुई

शेवंती, प्रश्न फार चांगला विचारलात. वीस वर्षं सुया लावतोय, पहिली पाच मी त्या टाकीतच अडकलो होतो.

‘सूवेन’ या दुसऱ्या प्राचीन चिनी ग्रंथाच्या अठ्ठाविसाव्या प्रकरणात याची व्याख्या एका ओळीत दिली आहे. रोगकारक ‘ची’ बळावली की अतिरेक, शरीराची स्वतःची सत्त्वरूप ‘ची’ हिरावली गेली की उणीव. ही ओळ सावकाश वाचा. अतिरेक मोजायचा तो एका गोष्टीचा आणि उणीव मोजायची ती दुसऱ्याच गोष्टीची. एकाच पट्टीची ही दोन टोकं नाहीत.

घराचं उदाहरण घ्या. आगंतुक घुसून ओसरीवर ठाण मांडून बसलेत, हा अतिरेक. कोठीतलं धान्य संपलंय, ही उणीव. आता सांगा, एकाच घरात एकाच वेळी दोन्ही होऊ शकतं की नाही? होतंच. कोठी रिकामी आणि घरचे अशक्त असले की आगंतुक हटत नाहीत. आगंतुक फार दिवस राहिले की कोठी रिकामी होते. जुनाट दुखण्याचे बहुतेक रुग्ण असेच येतात. ‘हे की ते’ हा प्रश्नच त्यांना लागू होत नाही. ‘कशाचा अतिरेक, कुठे, आणि कशाची उणीव, कुठे’ असं विचारावं लागतं.

मध्यरात्र

मूळ चिनी शब्द कुणी सांगितले नाहीत म्हणून शोधले. उणिवेला ‘शू’ आणि अतिरेकाला ‘शी’. मोठ्याने वाचून दाखवले तर घरातलं चार वर्षांचं पोर लोळून लोळून हसतंय आणि मेरिडियन म्हणजे नक्की कसली नळी ते विचारतंय.

पिवळी_नदी

मध्यरात्र, चिनी शिकवताना दरवर्षी हे होतंच, पोराला दोष नाही. 😀 उच्चार अगदी तसे नाहीत, पण मराठी कानाला तसेच ऐकू येणार.

गंमत बाजूला ठेवते, कारण या दोन शब्दांत पुष्कळ काही दडलंय. ‘अतिरेक’ आणि ‘उणीव’ हे आपण इंग्रजीवरून घेतलेले शब्द आहेत. मूळ चिनी शब्दांचा अर्थ ‘भरीव’ आणि ‘पोकळ’ याच्या जवळ जातो. ‘शी’च्या चिन्हाचा आणखी एक अर्थ ‘फळ’, आणि ‘खरं, वास्तव’ असाही. चिनी गणितात वास्तव संख्येला हाच भरीवपणाचा शब्द लावतात आणि काल्पनिक संख्येला पोकळपणाचा. म्हणजे ही जोडी प्रमाणाइतकीच पोताचीही आहे, बोटाखाली काय लागतं त्याची. भरीव आहे की पोकळ, हे हाताला कळतं. म्हणून माझी सूचना, या धाग्यापुरतं तरी ‘भरलेलं’ आणि ‘रितं’ म्हणून पाहा. डोकं लवकर उघडतं.

सूक्ष्मसुई, तुमच्याशी एका बाबतीत मात्र असहमत. ‘सूवेन’ची व्याख्या बरोबर आहे, पण ‘लिंगशू’च्या दहाव्या प्रकरणाची भाषा वेगळी आहे. तिथे रोगकारक ‘ची’चं नाव न घेता त्या मेरिडियनची ‘ची’ ‘उरून राहिली’ किंवा ‘अपुरी पडली’ असं सरळ म्हटलंय. त्याच ग्रंथात गळ्याच्या बाजूची नाडी आणि मनगटाची नाडी यांची तुलना करायला सांगितली आहे. गळ्याची एकपट मोठी तर बिघाड पायाच्या शाओयांग मेरिडियनमध्ये, दुप्पट तर थाइयांगमध्ये, तिप्पट तर यांगमिंगमध्ये; हे तिन्ही यांग बाजूचे. मनगटाची मोठी असेल तर तसाच क्रम यिन मेरिडियनचा. हे काय आहे? एका बाजूला किती आणि दुसऱ्या बाजूला किती, याचं मोजमापच. म्हणजे शेवंतीची टाकी त्या ग्रंथातही आहे. दोन वेगवेगळ्या कल्पना एकाच शब्दाखाली नांदताहेत आणि म्हणून विद्यार्थी गोंधळतात. यात विद्यार्थ्यांचा दोष नाही.

सूक्ष्मसुई

मान्य. मी व्याख्येवर जास्त भर दिला. गळा आणि मनगट यांची तुलना आज फार थोडे लोक करतात, कारण ‘नानचिंग’ या प्रश्नोत्तरांच्या जुन्या ग्रंथाने पहिल्याच प्रश्नात एकट्या मनगटाच्या नाडीवर सगळं आणून ठेवलं आणि पुढची परंपरा त्या वाटेने गेली. पण तुम्ही म्हणता तो फरक खरा आहे.

काढेवाला

मी आयुर्वेदाचा माणूस, सुयांतलं कळत नाही. पण हा गुंता ओळखीचा वाटला. आमच्याकडेही उपचारांची मूळ विभागणी दोनच, लंघन आणि बृंहण. कमी करणं आणि भर घालणं. ऐकायला सोपं. पण रुग्णाचे धातू, म्हणजे रस-रक्तासारखे शरीराचे घटक, क्षीण झालेले असतात आणि त्याच वेळी आम, म्हणजे न पचलेला अंश, साठलेला असतो. अशा वेळी अशक्त दिसतो म्हणून थेट बृंहण केलं तर आम वाढतो आणि रोग बळावतो. आधी काय, मग काय, हा क्रम ठरवण्यात वैद्याची कसोटी. दोन शास्त्रं एकच आहेत असं मी म्हणत नाही, ‘ची’ म्हणजे वात असली समीकरणं तर अजिबात मांडू नयेत. पण हा पेच दोघांचाही आहे.

पिवळी_नदी

काढेवाला, ‘नानचिंग’ हा एक्याऐंशी प्रश्नांचा ग्रंथ आहे आणि त्याचा शेवटचा प्रश्न याच चुकीवर आहे. भरलेल्याला आणखी भरू नका, रित्याला आणखी रितं करू नका. जे कमी आहे त्यातून काढणं आणि जे उरलंय त्यात घालणं, याने वैद्य रुग्णाला मारतो, इतक्या कडक शब्दांत. ग्रंथ संपवताना त्यांना हीच गोष्ट सांगाविशी वाटली.

तर्कट

धाग्यात पाणी ओतायचा हेतू नाही, पण कुणीतरी हे विचारायला हवं. भरलेलं की रितं, हे ठरवल्याने रुग्णाला फरक पडतो का?

कंबरदुखीवरचा जर्मनीतला मोठा अभ्यास 2007 साली प्रसिद्ध झाला. 1162 रुग्ण. सहा महिन्यांनी खऱ्या अ‍ॅक्युपंक्चरने 47.6 टक्के लोकांना गुण आला, आणि बिंदू सोडून भलत्याच जागी वरवर टोचलेल्या सुयांनी 44.2 टक्के लोकांना. नेहमीच्या उपचारांच्या गटात 27.4 टक्के. म्हणजे सुया लावून घेतलेले दोन्ही गट पुढे, पण सुई कुठे लावली याने फारसा फरक नाही.

2009 साली अमेरिकेत 638 कंबरदुखीच्या रुग्णांवर झालेला अभ्यास तर या धाग्याच्या विषयाला थेट भिडतो. एका गटाला प्रत्येकाचं वेगळं निदान करून बिंदू दिले. दुसऱ्याला सरसकट ठरावीक बिंदू. तिसऱ्याला सुईच्या नळीतून नुसती दात कोरायची काडी टेकवली, त्वचेत काहीही शिरलं नाही. तिन्ही गटांत सुधारणा जवळपास सारखीच, साधारण साठ टक्के लोकांमध्ये. नेहमीच्या उपचारांवर असलेल्यांमध्ये 39 टक्के. निदानाचा सगळा खटाटोप केलेला गट ठरावीक बिंदूंच्या गटापेक्षा पुढे गेला नाही.

मला शेवंतीचा उत्साह मारायचा नाही. पण एकाच खांद्याबद्दल दोन अनुभवी शिक्षक उलट निदान करतात, तेव्हा खोट शेवंतीच्या समजुतीत आहे की मोजण्याच्या पद्धतीत, हा प्रश्न उरतोच.

अबोली

मी फक्त रुग्ण आहे. मला मानेच्या दुखण्यावर उपयोग झाला. काडीने झाला असता का माहीत नाही, पण झाला एवढं खरं.

सूक्ष्मसुई

तर्कट, हे दोन्ही अभ्यास मी वाचलेत आणि नाकारत नाही. आमच्यातले काही लोक असे आकडे आले की विषय बदलतात, ते मला आवडत नाही. थोडी भर घालतो. 2018 साली 39 चाचण्यांमधल्या 20,827 रुग्णांची माहिती एकत्र करून जे विश्लेषण झालं, त्यात जुनाट दुखण्यांवर खऱ्या सुया नकली सुयांपेक्षा सरस ठरल्या. फरक लहान होता, पण होता. मात्र त्यातून ‘भरलेलं-रितं’ हे निदान सिद्ध होत नाही, हे तुमचं म्हणणं कबूल.

मग मी ते का करतो? माझ्या कामात या निदानाने सगळ्यात आधी बदलते ती मात्रा. जो रिता आहे त्याला सुया कमी, बारीक, उथळ, थोडा वेळ, आणि झोपवूनच. जो भरलेला आहे तो जास्त सहन करतो. हे मी पाळत नव्हतो तेव्हा थकून आलेल्या, जेवण चुकलेल्या दोन जणांना सुई लावल्यावर भोवळ आली होती. ‘सूवेन’मध्ये यादीच आहे: दारू प्यालेल्याला, रागावलेल्याला, दमलेल्याला, नुकत्याच पोटभर जेवलेल्याला, भुकेल्याला, तहानलेल्याला, घाबरलेल्याला सुई लावू नका. तेव्हापासून मी ही यादी सुयांच्या डब्यावर चिकटवली आहे. यात मेरिडियन आहेत की नाहीत हा वाद यावा लागत नाही.

तर्कट

याला माझा काहीच आक्षेप नाही. उलट असं स्पष्ट सांगणारे भेटत नाहीत म्हणून मी असे प्रश्न विचारत राहतो.

निवृत्त_डॉक्टर

शेवंती, बाकी चर्चा चालू द्या, मला एवढंच सांगा. खांदा आणि पाठ तीन महिने दुखतेय. धाप लागते का? थकवा? जिना चढताना छातीत धडधड? वजन कमी झालंय? रात्री दुखण्याने जाग येते? यातलं काही असेल तर नाडीवरची चर्चा नंतर, आधी तपासणी. खांद्याचं दुखणं नेहमी खांद्याचंच नसतं.

शेवंती

डॉक्टरकाका, धाप लागते. थकवाही आहे. अभ्यासामुळे असेल असं धरून चालले होते. उद्याच जाते.

निवृत्त_डॉक्टर

जा आणि इथे कळव.

कोरा_कागद

तोवर एक विचारू? ‘भर घाला’, ‘निचरा करा’ म्हणता, पण सुई तर पोकळ नसते. तिच्यातून ना काही आत जातं ना बाहेर येतं. मग भर घालतात म्हणजे करतात काय?

सूक्ष्मसुई

सुई तीच, हात वेगळा. जुने ग्रंथ बऱ्याच पद्धती सांगतात. भर घालायची तर रुग्ण श्वास सोडत असताना सुई आत, श्वास घेताना बाहेर, आणि काढल्या काढल्या छिद्रावर बोट दाबून ते बंद करायचं. निचरा करायचा तर उलट, श्वास घेताना आत, सोडताना बाहेर, आणि छिद्र उघडंच ठेवायचं. मेरिडियनच्या वाहण्याच्या दिशेने सुई कलती लावली तर भर, दिशेच्या समोरून लावली तर निचरा. वर-खाली करताना आत जोराने ढकलून अलगद वर घेतली तर भर, उलट केलं तर निचरा.

मला स्वतःला यातलं छिद्र बंद करणं सगळ्यात आवडतं. त्यामागचा विचार इतका साधा आहे: जे थोडंसं आहे ते निसटू नये.

पिवळी_नदी

आणि दुसरा मार्ग बिंदू निवडण्याचा. प्रत्येक मेरिडियनवर कोपर किंवा गुडघ्याच्या खाली पाच बिंदू चिनी पंचतत्त्वांशी (लाकूड, अग्नी, पृथ्वी, धातू, पाणी) जोडलेले आहेत. ‘नानचिंग’चा एकोणसत्तरावा प्रश्न म्हणतो: रितं असेल तर आईला भर घाला, भरलेलं असेल तर लेकराचा निचरा करा. फुप्फुस हे धातू-तत्त्व. पृथ्वीतून धातू निघतो म्हणून पृथ्वी त्याची आई. फुप्फुसाच्या मेरिडियनवरचा पृथ्वी-बिंदू मनगटाच्या घडीवरचा थाइयुआन, त्याला भर. धातूचं लेकरू पाणी, त्याचा बिंदू कोपराच्या घडीतला, त्याचा निचरा. यकृत हे लाकूड. आई पाणी, म्हणजे गुडघ्याच्या आतल्या घडीतला बिंदू. लेकरू अग्नी, पायाच्या अंगठ्याच्या आणि शेजारच्या बोटाच्या बेचक्यातला बिंदू. विसाव्या शतकात, 1930-40 च्या दशकांत, जपानमध्ये ‘मेरिडियन-उपचार’ नावाची जी परंपरा उभी राहिली, ती मुख्यतः याच एका प्रश्नावर.

मध्यरात्र

लेकराचा निचरा केला की आईला आराम. हे चार वर्षांच्या पोराच्या घरात आम्ही रोज रात्री साडेनऊला अनुभवतो. यासाठी मला पंचतत्त्वं लागली नाहीत.

काढेवाला

😀 मध्यरात्र, पोराला मेरिडियन कळले का शेवटी?

पिवळी_नदी

हसू आलं, पण तर्क अगदी तोच आहे हो.

हाच ग्रंथ पंचाहत्तराव्या प्रश्नात मात्र वेगळंच काहीतरी करतो आणि त्यावर भाष्यकार शतकानुशतकं भांडताहेत. पूर्व भरलेली, पश्चिम रिती. म्हणजे यकृत भरलेलं, फुप्फुस रितं. एकोणसत्तरच्या नियमाने फुप्फुसाच्या आईला, पृथ्वीला, भर घालायला हवी. पण उत्तर येतं: दक्षिणेचा निचरा करा, उत्तरेला भर घाला. अग्नी कमी, पाणी जास्त. का? अग्नी हे लाकडाचं लेकरू, त्याचा निचरा केला की लाकडाचा साठा तिकडून वाहून जातो. शिवाय धातूला वितळवणारा अग्नीच, तो मंदावला की धातूला उसंत मिळते. आणि पाणी वाढलं की ते अग्नीला दाबून धरतं. रित्या फुप्फुसाला थेट हात न लावता त्याच्यावरचा दाब काढून घेतला. एकाच मेरिडियनकडे पाहून निर्णय घ्यायचा नाही, तो कुणाच्या दाबाखाली रिता झालाय ते पाहायचं, हे मला यातून कळलं. मला हा प्रश्न त्या ग्रंथातला सगळ्यात सुंदर वाटतो.

तर्कट

वैचारिक रचना म्हणून सुंदर आहे, मानतो. पण इतकी लवचीक चौकट कुठल्याही निकालाचं स्पष्टीकरण देऊ शकते, हाही धोका लक्षात घ्या. उणीव दिसली आणि भर घालून गुण आला नाही, तर ‘दाब दुसरीकडून होता’ म्हणायला वाट मोकळी.

पिवळी_नदी

हा आक्षेप योग्य आहे. म्हणूनच आधी लिहून ठेवायचं आणि मग सुई लावायची. मी विद्यार्थ्यांना वहीत निदान शाईने लिहायला लावणारे शिक्षक पाहिलेत. नंतर खोडता येत नाही.

अबोली

मला एक शंका. माझे उपचारक दरवेळी मनगटापासून कोपरापर्यंत बोट फिरवत काहीतरी शोधायचे. ते काय होतं?

सूक्ष्मसुई

तेच या धाग्याचं उत्तर होतं! बिंदू नकाशावर नसतो, बोटाखाली असतो. ‘लिंगशू’त जोडवाहिन्यांबद्दल, म्हणजे मेरिडियनमधून फुटणाऱ्या जोडफांद्यांबद्दल, म्हटलंय: भरलेली असेल तर ती दिसतेच, रिती असेल तर खाली दबून जाते. डोळ्यांना दिसली नाही तर वर-खाली चाचपून शोधा. म्हणून बोट फिरवायचं. कुठे फुगीर, टणक, गरम लागतं, कुठे खोलगट, मऊ, गार.

प्रत्येक जोडवाहिनीची दोन्ही प्रकारची लक्षणंही तिथे दिली आहेत आणि ती चाकोरीतली नाहीत. फुप्फुसाच्या जोडवाहिनीत भरलेपण आलं तर मनगट आणि तळवा गरम, रितेपण आलं तर जांभया आणि वारंवार लघवी. मूत्राशयाच्या जोडवाहिनीत भरलेपणाने नाक चोंदतं, डोकं आणि पाठ दुखते. रितेपणाने नाक वाहतं. लहान आतड्याच्या जोडवाहिनीत रितेपण असेल तर चामखिळी येतात असं लिहिलंय.

मध्यरात्र

जांभयांचं वाचलं आणि मला जांभई आली. खरंच आली.

पिवळी_नदी

स्पर्शाचा विषय निघालाय तर ‘नानचिंग’चा अठ्ठेचाळिसावा प्रश्न सांगते. भरलेलं-रितं तीन ठिकाणी पाहायचं: नाडीत, आजारात, आणि चाचपण्यात. नाडी मऊ तर रितं, ताठ आणि घट्ट तर भरलेलं. आजार संथ असेल तर रितं, झपाट्याचा असेल तर भरलेलं. चाचपताना खाज असेल तर रितं, दुखणं असेल तर भरलेलं. आणि हे वाक्य शेवंतीसाठी: बाहेर दुखतं पण आत बरं वाटतं, तर बाहेर भरलेलं, आत रितं. याच्या उलटही.

शेवंतीच्या दोन शिक्षकांचं भांडण दोन हजार वर्षांपूर्वीच या एका प्रश्नात मिटलेलं आहे. एकाने नाडी पाहिली. दुसऱ्याने चाचपलं. दोघांनी दोन वेगळ्या ठिकाणची गोष्ट सांगितली.

कोरा_कागद

आत्ता कळलं! टाकी एक नाही, टाक्या बऱ्याच आहेत.

सूक्ष्मसुई

जवळपास. मी तीन थर धरतो. सगळं शरीर, तो मेरिडियन, आणि बोटाखालची जागा. तिन्ही थर वेगळं बोलू शकतात. शरीर रितं, मेरिडियन रिता, पण खांद्यावरचा एकच बिंदू गाठ होऊन भरलेला, हे तर रोजचं. अशा वेळी खांद्यावर थोडका निचरा आणि मनगटावर भर. पण खांद्यावर जोर लावून खूप निचरा केला की रुग्ण घरी जाऊन दोन दिवस झोपून राहतो. आणि खांद्याच्या वरच्या भागात, पाठीवर आणि छातीवर सुई खोल घालायची नाही. खाली फुप्फुस आहे. तिथे सुई गेली तर हवा बाहेर पडून फुप्फुस आकसतं. हे ग्रंथातलं रितेपण नव्हे, रुग्णालयात न्यायची वेळ असते. शिकणाऱ्यांनी हे सगळ्यात आधी पाठ करावं.

निवृत्त_डॉक्टर

शेवटच्या चार ओळींसाठी आभार.

शेवंती

(नऊ दिवसांनी)

उशीर झाला, क्षमस्व. डॉक्टरकाका, तुम्ही विचारलं नसतं तर मी गेलेच नसते. छातीचा फोटो आणि ईसीजी ठीक आहेत. हिमोग्लोबिन मात्र 8.9 निघालं, लोहाची कमतरता. गोळ्या सुरू झाल्यात, कारण शोधायच्या तपासण्या चालू आहेत. धाप आणि थकवा बहुतेक त्यामुळेच, असं तपासणाऱ्या डॉक्टरबाई म्हणाल्या. खांद्याचं दुखणं स्नायूंचं आहे, तासन्‌तास मान खाली घालून वाचण्याचं. त्यासाठी व्यायाम दिलेत.

म्हणजे नाडी पाहून ‘उणीव’ म्हणणाऱ्या मॅडम आणि खांदा चाचपून ‘अतिरेक’ म्हणणारे सर, दोघंही आपापल्या थरावर बरोबर होते. पण दोघांनीही रक्त तपासायला सांगितलं नाही आणि मलाही सुचलं नाही. हे मला लागलंय. इथून पुढे माझ्यासमोर कुणी धाप घेऊन बसलं तर मी आधी हे विचारणार.

पिवळी_नदी

बरं झालं कळलं. एक सावधगिरी, चिनी वैद्यकातलं ‘रक्ताचं रितेपण’ आणि हिमोग्लोबिन कमी असणं या एकच गोष्टी नाहीत. तिथलं निदान ओठ, जीभ, नाडी, झोप यांवरून होतं आणि हिमोग्लोबिन उत्तम असलेल्या माणसाचंही होऊ शकतं. तुझ्या बाबतीत दोन्ही एकाच दिशेला बोट दाखवताहेत एवढंच. गोळ्या सोडू नकोस.

तर्कट

शेवंती, लवकर बरी हो. आणि हा शेवटचा प्रतिसाद तुझ्या वर्गात वाचून दाखव. खरंच.

शेवंती

दाखवते.

आणि मूळ प्रश्नाकडे येते. ‘लिंगशू’चं दहावं प्रकरण पुन्हा वाचलं, या वेळी लक्षणांच्या खालची ओळ. प्रत्येक मेरिडियनच्या शेवटी तीच तीच ओळ येते, म्हणून मी ती वगळून पुढे जायचे. भरलेलं असेल तर निचरा. रितं असेल तर भर. उष्ण असेल तर झटपट. थंड असेल तर सुई राहू द्या. खोलगट झालं असेल तर मोक्सा, म्हणजे वाळवलेली वनस्पती पेटवून दिलेला शेक. आणि भरलेलंही नाही, रितंही नाही, तर त्याच मेरिडियनवर बिंदू घ्या. सहा वाटा! मी दोनच रकाने करून प्रत्येकाला त्यात कोंबत होते. सहावी वाट तर कुणी वर्गात उच्चारलेलीच आठवत नाही.

सूक्ष्मसुईकाका, तुम्ही म्हणालात तसं स्वतःच्या हातावर बोट फिरवलं. उजव्या मनगटाच्या घडीच्या वर दोन बोटांवर, फुप्फुसाच्या मेरिडियनवरच्या लिएछ्युए या बिंदूच्या जागी, बोट टेकलं की आत जातं. डाव्या हाताला तसं होत नाही. आणि हो, जांभया खूप येतात. मोक्सा लावू का?

सूक्ष्मसुई

जांभया हिमोग्लोबिनच्या थकव्यानेही येतील, त्यावरून निदान पक्कं करू नका. पण खोलगट जागा सापडली हे छान.

तिथे त्वचा पातळ आहे आणि खाली हाड, म्हणून त्वचेवर थेट मोक्सा पेटवू नका. पेटती कांडी दोन-तीन सेंटिमीटर दूर धरा, ऊब सुखाची वाटेल इतकीच. त्वचा किंचित गुलाबी झाली की थांबा. दुसऱ्या हाताचं बोट जवळ ठेवा, म्हणजे उष्णता किती आहे ते कळतं. एक दिवसाआड पुरे. आणि सुरू करण्याआधी आजची तारीख टाकून वहीत लिहा: उजवीकडे किती खोल, डावीकडे किती. शाईने.

शेवंती

लिहिलं. उजवीकडे बोटाचं पेर टेकतं एवढं, डावीकडे सपाट. दोन आठवड्यांनी इथेच कळवते, बदल झाला तरी आणि नाही झाला तरी.